फ्लोरिडाची मोजदाद

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवड ही एका राष्ट्राने एका दिवशी केलेली एकच निवड असते असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे, आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी सबंध देश मतदानाला बाहेर पडतो हे पाहता तो समज स्वाभाविकही आहे. परंतु १७८७ साली फिलाडेल्फियात जी राज्यघटना सिद्ध झाली तिने हा अधिकार जनतेच्या हाती थेट सोपवलेला नाही. प्रत्येक राज्याने आपल्या विधिमंडळाने ठरविलेल्या रीतीने काही निर्वाचक नेमावेत, त्यांची संख्या त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहातील आणि सिनेटातील सभासदांच्या बेरजेइतकी असावी, आणि या निर्वाचकांच्या बहुमताने राष्ट्राध्यक्ष ठरावा, अशी तिची योजना आहे. पुढे जवळजवळ सर्व राज्यांनी, ज्याच्या पारड्यात एक मत अधिक त्याला राज्याचे सारेच निर्वाचक, हा दंडक स्वीकारला. आणि त्यामुळे एखाद्या दूरच्या कौंटीच्या कचेरीत, एखाद्या कारकुनाच्या मेजावर पडलेल्या तक्त्यावर सबंध राष्ट्राच्या सत्तेचा निकाल अडून राहावा, असा प्रसंग उद्भवण्याची वाट कायमची मोकळी राहिली.

फ्लोरिडा राज्यात तो प्रसंग दोनदा उद्भवला, एकदा १८७६ साली आणि पुन्हा २००० साली. दोन्ही वेळी जगाचे लक्ष मतमोजणीकडे लागले होते, आणि दोन्ही वेळचा वाद इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर नमूद आहे. पण या दोन प्रसंगांच्या दरम्यान जी सव्वाशे वर्षे गेली त्यांत फ्लोरिडाच्या मतदारयादीचे जे झाले, ते मोजणीच्या वादाहून अधिक गंभीर आहे. किंबहुना ते समजून घेतल्यावाचून दोन्ही मोजण्यांचा अर्थ लागत नाही. ज्याचे मत चुकीचे मोजले गेले त्याला निदान दाद मागता येते; ज्याचे नावच यादीत आले नाही त्याची फिर्याद कोणत्याच दप्तरी दाखल होत नाही.

फ्लोरिडा हे संघराज्यात १८४५ साली दाखल झालेले सत्ताविसावे राज्य. त्याची राजधानी टॅलहॅसी ही पश्चिमेकडील पेन्साकोला आणि पूर्वेकडील सेंट ऑगस्टीन या दोन जुन्या स्पॅनिश वसाहतींच्या साधारण मध्यावर, केवळ प्रवासाच्या सोयीसाठी वसविलेली. दक्षिणेकडचा भाग दलदलीने व्यापलेला, वस्ती विरळ, आणि उत्तरेकडचा कापसाचा पट्टा गुलामांच्या श्रमावर उभा राहिलेला. १८६१च्या जानेवारीत हे राज्य संघातून फुटून निघाले, यादवी युद्धात पराभूत पक्षाच्या बाजूने उभे राहिले आणि १८६८ साली नवी राज्यघटना करून पुन्हा संघात परतले. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाच्या नागरिकांना मतदान करावे लागलेच नाही. विधिमंडळाने स्वतःच तीन निर्वाचक नेमून टाकले, आणि राज्यघटनेनुसार त्यात काहीही गैर नव्हते. काल गुलाम असलेला माणूस आज मतदार झाला होता, आणि त्याच्या मतावर रिपब्लिकन पक्षाची त्या राज्यातील सत्ता टिकून होती. तर जुना जमीनदार वर्ग डेमोक्रॅटिक पक्षाच्या झेंड्याखाली ती सत्ता परत मिळविण्याच्या तयारीत होता.

या पार्श्वभूमीवर ७ नोव्हेंबर १८७६ चे मतदान झाले. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार ओहायोचे रुदरफर्ड हेझ, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे न्यूयॉर्कचे सॅम्युएल टिल्डन. एकंदर ३६९ निर्वाचक, बहुमताला १८५ हवेत. रात्रीच्या तारा पाहता टिल्डन यांना १८४ खात्रीने मिळाले होते, म्हणजे अवघे एक कमी. आणि साउथ कॅरोलायनाचे सात, लुईझियानाचे आठ व फ्लोरिडाचे चार निर्वाचक अनिश्चित होते. ऑरेगॉनमधील एका निर्वाचकाच्या पात्रतेचा वाद मागाहून निघाला. हे वादग्रस्त असलेले सर्वच्या सर्व निर्वाचक मिळाले तरच हेझ राष्ट्राध्यक्ष होणार होते. ही गोष्ट न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या ध्यानात पहाटेच्या सुमारास आली, आणि तिन्ही राज्यांच्या राजधान्यांकडे, आपले राज्य हातचे जाऊ देऊ नका, अशा आशयाच्या तारा रवाना झाल्या.

त्यानंतरचे काही आठवडे टॅलहॅसीसारख्या लहानशा गावाने जे पाहिले ते त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. दोन्ही पक्षांचे वजनदार वकील, माजी सेनानी आणि वृत्तपत्रकार उत्तरेकडून येऊन तेथे मुक्काम ठोकून बसले. पुढे ‘बेन-हर’ या कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झालेले लू वॉलेस हेही रिपब्लिकन पक्षाच्या वतीने त्यांत होते. निर्णय तिघांच्या मंडळाने द्यावयाचा होता. राज्यसचिव सॅम्युएल मॅक्लिन आणि हिशेबनीस क्लेटन काउगिल हे दोघे रिपब्लिकन. महाधिवक्ता विल्यम कॉक हे डेमोक्रॅट. २७ नोव्हेंबरला मंडळाची बैठक सुरू झाली आणि कौंट्यांकडून आलेले लखोटे एकामागून एक उघडले जाऊ लागले.

त्या लखोट्यांतील दोन प्रकरणे जवळून पाहण्याजोगी आहेत. बेकर ही राज्याच्या ईशान्येकडील एक लहानशी कौंटी. पण तिच्याकडून एक नव्हे, तीन वेगवेगळे तक्ते राजधानीत आले, आणि त्यांपैकी एकात दोन मतदानकेंद्रांची मते सरळ वगळलेली होती. राज्यभरातील दोन्ही उमेदवारांच्या मतांतील अंतर इतके अल्प होते की बेकरचा हा तक्ता खरा मानला तर राज्य हेझ यांचे, आणि तो मानला तर टिल्डन यांचे, अशी अवस्था होती. दुसरे प्रकरण अलाचुआ कौंटीतील आर्चर नावाच्या गावचे. तेथील दुसऱ्या मतदानकेंद्राच्या यादीत मतदान संपल्यावर २१९ नावे मागाहून घुसडली गेली असा डेमोक्रॅटांचा आरोप होता. त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपापली छापून वाटी, मतदार ती उघडपणे पेटीत टाकी, आणि कोण आला व कोण आला नाही याची एकमेव साक्ष म्हणजे केंद्रावरच्या कारकुनाची ती वही. म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडीचा प्रश्न येऊन ठेपला तो एका वहीच्या पानांवर: ही नावे त्या दिवशी लिहिली गेली की त्या रात्री?

मंडळाने साक्षी घेतल्या, प्रतिज्ञालेख वाचले, काही केंद्रांची मते बाद केली आणि नऊशेहून थोड्या अधिक मतांनी हेझ यांना विजयी ठरविले. ६ डिसेंबरला रिपब्लिकन निर्वाचकांनी टॅलहॅसीत आपली मते टाकली आणि राज्यपाल मार्सेलस स्टर्न्स यांनी सहीनिशी सनद दिली. त्याच दिवशी डेमोक्रॅट निर्वाचकांनीही मते टाकली व त्यांच्या कागदांवर महाधिवक्ता कॉक यांनी सही केली. जानेवारीत राज्यात सत्तापालट होऊन जॉर्ज ड्रू हे डेमोक्रॅट राज्यपाल झाले, तेव्हा नव्या विधिमंडळाच्या हुकुमाने फेरमोजणी होऊन टिल्डन यांच्या बाजूची तिसरी सनद वॉशिंग्टनला गेली. एका राज्याच्या चार निर्वाचकांविषयी तीन सनदा, आणि तिन्हींवर अधिकाऱ्यांच्या सह्या. यांपैकी खरी कोणती हे ठरविण्याचा कोणताही मार्ग राज्यघटनेने सांगितलेला नव्हता.

शेवटी काँग्रेसने पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि पाच न्यायमूर्ती असे पंधरा जणांचे मंडळ नेमले. त्यांत आठ रिपब्लिकन होते आणि सात डेमोक्रॅट. राज्याने अधिकृतपणे पाठविलेल्या सनदेच्या मागे जाऊन मूळ मतदानाची तहकिकात करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा निर्णय या मंडळाने आठ विरुद्ध सात मतांनी दिला. आणि फ्लोरिडाच्या प्रकरणात घेतलेली ही भूमिका पुढच्या राज्यांनाही लागू होऊन २ मार्च १८७७ रोजी हेझ यांना १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आल्याचे जाहीर झाले. पुढील वर्षी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे मॅक्लिन यांनी आपला निर्णय पक्षनिष्ठेच्या दडपणाखाली झाल्याचे कबूल केले. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्राने सांकेतिक लिपीतील तारा उलगडून दाखविल्या, तेव्हा फ्लोरिडाच्या मंडळाला लाच देण्याच्या खटपटी टिल्डन यांच्या गोटातूनही झाल्या होत्या हे उघडकीस आले. दोन्ही बाजूंचे हात अशा रीतीने मळलेले असताना खरा विजयी कोण याचा निर्विवाद निवाडा आज कोणालाही करता येणार नाही, कारण ज्या भीतीच्या वातावरणात अनेक कृष्णवर्णीय मतदार त्या दिवशी घराबाहेर पडलेच नाहीत, त्यांच्या मतांची नोंद कोणत्याच तक्त्यात नाही.

या निकालाची किंमत त्याच मतदारांनी मोजली. हेझ अधिकारावर आले आणि दक्षिणेकडील राज्यगृहांच्या रक्षणासाठी ठेवलेल्या संघराज्याच्या फौजा हटविण्यात आल्या. फ्लोरिडात डेमोक्रॅटांची सत्ता स्थिरावली. १८८५ च्या नव्या राज्यघटनेने मतदानासाठी डोईपट्टी बसविण्याची मुभा विधिमंडळाला दिली, आणि १८८९ साली ती प्रत्यक्ष बसविली गेली. ज्या शेतमजुराच्या हाती वर्षाकाठी रोकड अशी फारशी येतच नसे, त्याला मताचा हक्क टिकविण्यासाठी आधी पट्टी भरून तिची पावती जपून ठेवावी लागू लागली. त्याच वर्षी आठ पेट्यांचा कायदा झाला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, प्रत्येक पेटीवर त्या पदाचे नाव लिहिलेले, आणि चुकीच्या पेटीत पडलेली चिठ्ठी बाद, असे त्याचे स्वरूप. कायद्यात कोणाच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. पण गुलामगिरीच्या काळात ज्यांना अक्षर शिकविणे दंडनीय मानले गेले होते, त्यांच्यापुढे आता अक्षर ओळखूनच मत देता येईल अशा आठ पेट्या मांडून ठेवल्या गेल्या.

परिणाम पुढल्याच राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत दिसला. १८८८ साली फ्लोरिडात रिपब्लिकन उमेदवाराला २६,००० हून अधिक मते पडली होती. १८९२ साली पदारूढ राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांचे निर्वाचक त्या राज्यात उभेच राहिले नाहीत, आणि एकंदर मतदान जवळजवळ निम्म्यावर आले. सोळा वर्षांपूर्वी ज्या राज्याच्या एकेका मतासाठी सारे राष्ट्र श्वास रोखून बसले होते, तेथे आता मोजण्याजोगा वादच उरला नाही. मोजणीत लबाडी करण्याचे कारण संपले, कारण लबाडी यादीतच पुरी होऊन चुकली होती.

तरीही त्या हक्कासाठी जीव पणाला लावणारी माणसे होतीच. २ नोव्हेंबर १९२० हा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा दिवस. ऑर्लँडोजवळच्या ओकोई या गावी मोझ नॉर्मन नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी मतदान करावयास गेला आणि त्याला डोईपट्टीचे निमित्त काढून परत पाठविण्यात आले. त्याचा शोध घेत निघालेला जमाव रात्री त्याचा मित्र जुलै पेरी याच्या घरी पोहोचला. पेरीला पकडून ऑर्लँडोत फासावर लटकविण्यात आले, कृष्णवर्णीयांची घरे व प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, आणि जे वाचले ते जमीनजुमला टाकून निघून गेले. त्यानंतर कित्येक दशके ओकोईत कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ राहिलीच नाही. एका मतदाराने आपले मत मागितले एवढ्या कारणावरून एक गावच यादीतून पुसले गेले.

१९३७ साली फ्लोरिडाने डोईपट्टी रद्द केली, १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोऱ्यांपुरत्या प्राथमिक निवडणुका बेकायदा ठरविल्या, आणि हॅरी मूर नावाच्या एका शाळामास्तराने गावोगाव हिंडून आपल्या लोकांची नावे मतदारयादीत नोंदविण्याचे काम हाती घेतले. या कामापायी त्यांची नोकरी गेली. १९५१ च्या नाताळच्या रात्री, त्यांच्या विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, मिम्स येथील त्यांच्या घराच्या निजण्याच्या खोलीखाली बाँबचा स्फोट झाला. हॅरी मूर इस्पितळाच्या वाटेवर गेले. त्यांच्या पत्नी हॅरिएट नऊ दिवसांनी गेल्या.

त्या रात्री आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू होती, हे भारतीय वाचकाने लक्षात ठेवावे असे मला वाटते. त्या निवडणुकीतही मतदारापुढे एकाहून अधिक पेट्या मांडलेल्या होत्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी. पण त्या पेट्यांवर बैलजोडी, झोपडी, दिवा अशी चित्रे चिकटविलेली होती, आणि ती अशासाठी, की ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही आपले मत कोठे टाकावयाचे हे कळावे. निरक्षर मतदाराला बाहेर ठेवण्यासाठी एका राज्याने जी युक्ती योजली होती, साधारण तशाच मांडणीने दुसऱ्या देशाने त्याच निरक्षर मतदाराला आत घेतले. पेटी लाकडाची असो वा पत्र्याची, तिचा गुण तिच्यात नसतो. ती मांडणाराच्या हेतूत असतो.

१९६५ च्या मतदानहक्क कायद्यानंतर फ्लोरिडाची यादी पुन्हा रुंदावू लागली. त्या सुमारास राज्यही बदलून गेले होते. वातानुकूलनाने तेथील उन्हाळा सुसह्य केला, उत्तरेकडील पेन्शनर मंडळी समुद्रकाठी येऊन वसली, आणि १९५९ नंतर क्यूबातून परागंदा झालेले लोक मायामीत स्थायिक झाले. १८७० साली दोन लाखांच्याही आत असलेली लोकसंख्या २००० च्या शिरगणतीत सुमारे एक कोटी साठ लाखांवर गेली, आणि चार निर्वाचकांचे हे राज्य पंचवीस निर्वाचकांचे झाले.

७ नोव्हेंबर २००० च्या रात्री आठ वाजण्याच्या सुमारास दूरचित्रवाणीने फ्लोरिडा डेमोक्रॅटिक पक्षाचे ॲल गोर यांनी जिंकल्याचे सांगितले. राज्याच्या पश्चिम टोकाकडील कौंट्यांत घड्याळ एक तास मागे असल्यामुळे तेथील मतदान तेव्हा संपलेलेही नव्हते. दोन तासांनी ही बातमी मागे घेण्यात आली. व्होल्युशा कौंटीत एका यंत्राच्या दोषाने गोर यांच्या नावावर उणे १६,०२२ मते दाखविली जात होती. ती चूक रात्रीच दुरुस्त झाली. पहाटे दोननंतर रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश विजयी म्हणून जाहीर झाले, गोर यांनी दूरध्वनीवरून त्यांचे अभिनंदन केले, आणि अंतर घटत चालल्याचे कळताच आपले शब्द मागे घेतले. सकाळी सुमारे साठ लाख मतांत अंतर १,७८४ होते. अर्ध्या टक्क्याहून कमी अंतर असल्यास फेरमोजणी आपोआप व्हावी असा राज्याचा कायदा असल्याने यंत्रांनी पुन्हा मोजले, आणि अंतर आणखी घटले.

या वेळी वादाच्या केंद्रस्थानी वहीच्या जागी एक पत्ता होता. राज्याच्या ६७ पैकी २४ कौंट्यांत मतदान छिद्रपत्त्यांवर होई. मतदार पत्ता चौकटीत सरकवी, त्यावर बसविलेल्या पुस्तिकेतील नावाशेजारच्या भोकातून दाभणासारखी टोचणी खाली दाबी, आणि पत्त्यावरील आधीच अर्धवट कापून ठेवलेला इवलासा चौकोन खाली पडे. या चौकोनाला तेथे चॅड म्हणतात. तो पुरता पडला तर यंत्र मत मोजी. पण तो चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्याने लोंबत राहिला तर? दोन कोपरे सुटून दोन धरून राहिले तर? चारही कोपरे शाबूत राहून मधे केवळ खळी पडली असेल तर? त्या मतदाराचा हेतू मत देण्याचा होता की टोचणी टेकवून त्याने विचार बदलला होता? कायदा म्हणे की मतदाराचा हेतू पाहा. हेतू कसा पाहावा हे तो सांगत नव्हता. ब्रॉवर्ड कौंटीचे न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग एक पत्ता डोळ्यांपुढे धरून भिंगातून त्याच्या भोकाकडे टक लावून पाहत आहेत, असे एक छायाचित्र त्या दिवसांत जगभर प्रसिद्ध झाले. पांढऱ्याशुभ्र पत्त्यावर तीळभर खूण, आणि तिच्याकडे पाहणारा न्यायाधीशाचा विस्फारलेला डोळा: लोकशाहीची इतकी सूक्ष्म आणि इतकी गंभीर प्रतिमा दुसरी क्वचितच सापडेल.

पाम बीच कौंटीतील गोष्ट याहून हृदयद्रावक आहे. तेथील निवडणूक पर्यवेक्षक थेरेसा लपोर यांनी, आपल्या कौंटीतील वृद्ध मतदारांना अक्षर मोठे दिसावे या सद्हेतूने, दहा उमेदवारांची नावे एकाच पानावर दाटीने न छापता समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि भोकांची रांग मधोमध ठेवली. डाव्या पानावर पहिले नाव बुश यांचे, दुसरे गोर यांचे. पण मधल्या रांगेतील दुसरे भोक उजव्या पानावरील पॅट ब्यूकॅनन यांचे होते आणि गोर यांचे तिसरे. नमुन्याची प्रत आधी घरोघर गेली होती आणि कोणत्याही पक्षाने हरकत घेतली नव्हती. त्या कौंटीत ब्यूकॅनन यांना ३,४०० हून अधिक मते पडली, राज्यातील कोणत्याही कौंटीपेक्षा अधिक. आणि १९,००० हून अधिक पत्ते दोन भोके पाडल्यामुळे बाद झाले. ज्यांच्या डोळ्यांसाठी अक्षर मोठे केले त्यांचीच मते या रचनेत हरवली, आणि राज्याचा निकाल ज्या अंतराने लागला त्याच्या कित्येक पटींनी ती अधिक होती.

राज्यसचिव कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या राज्यातील प्रचारसमितीच्या सहाध्यक्ष होत्या, आणि राज्यपाल जेब बुश हे उमेदवाराचे धाकटे बंधू. मोजणीचा अंमल पक्षाच्या माणसाच्या हाती असावा, ही १८७६ ची रीत एवढ्या काळात बदलली नव्हती. मुदत वाढवून द्यावी की नाही, हाताने मोजावे की नाही, यावर न्यायालयांत दावे गुदरले गेले. २६ नोव्हेंबरला हॅरिस यांनी ५३७ मतांनी बुश विजयी असल्याचे प्रमाणपत्र दिले. पाम बीचचे मोजणी-अधिकारी रात्रंदिवस खपूनही मुदतीनंतर दोन तासांनी काम संपवू शकले, आणि त्यांचे आकडे धरले गेले नाहीत. ३० नोव्हेंबरला त्या कौंटीचे लाखो पत्ते पिवळ्या मालमोटारीत भरून पोलिसांच्या पहाऱ्यात टॅलहॅसीकडे निघाले, आणि वरून हेलिकॉप्टरमधून त्यांची मिरवणूक सबंध देशाने पाहिली.

८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सबंध राज्यातील न मोजलेल्या पत्त्यांची हातमोजणी करण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी टॅलहॅसीच्या सार्वजनिक ग्रंथालयात न्यायाधीश मेजांभोवती बसून पत्ते तपासत असताना वॉशिंग्टनहून मनाईचा हुकूम आला आणि हात जेथल्या तेथे थांबले. १२ डिसेंबरच्या रात्री देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी संपल्याचे ठरविले. कौंटीगणिक वेगळा निकष लावणे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, आणि आता वेळही उरलेला नाही, असा त्याचा आशय. ती वेळ कोणती? १८७६ चा गोंधळ पुन्हा होऊ नये म्हणून काँग्रेसने १८८७ साली जो कायदा केला, त्याने निर्वाचकांच्या सभेपूर्वी सहा दिवसांची मर्यादा घालून दिली होती, आणि ती त्याच दिवशी संपत होती. एका फ्लोरिडाने घडविलेला कायदा दुसऱ्या फ्लोरिडाची मोजणी मिटवून गेला.

पुढे वृत्तपत्रांच्या एका संघाने १,७५,००० हून अधिक बाद पत्ते विद्वानांकडून तपासून घेतले. गोर यांनी मागितली होती तेवढीच मर्यादित फेरमोजणी झाली असती तर बुश जिंकले असते, आणि राज्यातील सर्वच बाद मते तपासली असती तर गोर, असा त्याचा निष्कर्ष. पण त्या वर्षीची जी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते ती नागरी हक्क आयोगाच्या २००१ च्या अहवालात आहे: कृष्णवर्णीय मतदाराचे मत बाद होण्याचा संभव इतरांच्या मानाने कित्येक पटींनी अधिक होता, आणि गुन्हेगारांची नावे वगळण्याच्या निमित्ताने केलेल्या यादीशुद्धीत नामसादृश्यामुळे निरपराध नागरिकही मतदानाला मुकले होते. शिक्षा भोगून सुटलेल्यांचा मतहक्क काढून घेणारे कलम १८६८ च्या राज्यघटनेपासून चालत आलेले होते. २०१८ साली फ्लोरिडाच्या मतदारांनी साठ टक्क्यांहून अधिक मतांनी ते सौम्य केले आणि सुमारे चौदा लाख लोकांचा मार्ग मोकळा झाला असे वाटले. पुढल्याच वर्षी विधिमंडळाने, दंड आणि न्यायालयीन शुल्क फेडल्याशिवाय हक्क नाही, असा कायदा केला. १८८९ ची पावती दुसऱ्या नावाने परत आली, असे तेथील कित्येकांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

छिद्रपत्ते २००१ साली रद्द झाले, त्यांच्या जागी आलेली पडद्यावरची यंत्रेही पुढे गेली, आणि आज फ्लोरिडा कागदावर मत घेऊन ते यंत्राने वाचते. २०१२ नंतरच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ते राज्य रिपब्लिकन पक्षाकडे गेले आहे, आणि २०२४ साली तर त्याच्या तीस निर्वाचकांविषयी कोणाला रात्रभर जागावे लागले नाही. मोजणीची साधने सुधारता येतात, आणि फ्लोरिडाने ती सुधारली. यादी कोणाच्या हाती असावी हा प्रश्न मात्र साधनांचा नाही.

१५ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणुकांसंबंधीचे कलम सुधारून मांडले ते नेमके या प्रश्नावर. आधीच्या मसुद्यात प्रांताप्रांताला स्वतंत्र निवडणूक आयोग होता. परंतु काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने अगर भाषेने निराळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत घेऊ नयेत अशा सूचना अधिकाऱ्यांना मिळत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि म्हणून सबंध देशासाठी एकच आयोग असावा असे ठरले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि नाव नाकारले जाणे म्हणजे काय हे जन्मतः जाणणाऱ्या पुरुषाने हे कलम मांडले, ही आपल्या इतिहासातली मोठी भाग्याची गोष्ट आहे. तरीही त्या पहिल्या यादीतून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. उत्तम कलमही यादी आपोआप पुरी करीत नाही.

फ्लोरिडाचा इतिहास ५३७ या आकड्याने ओळखला जातो, आणि एका मताचे मोल सांगण्यासाठी तो आकडा सभांतून नेहमी सांगितला जातो. पण मला त्या आकड्याशेजारी हॅरी मूर यांची वही दिसते, आणि त्यांनी एकेक करून तिच्यात चढविलेली नावे दिसतात. आपल्या गावची प्रारूप मतदारयादी प्रसिद्ध होते तेव्हा वाचकाने ती एकदा शांतपणे वाचावी. स्वतःचे नाव सापडल्यावर तिथेच न थांबता शेजाऱ्याचे, मोलकरणीचे, वाड्यावस्तीवरच्या मजुराचे नावही शोधावे, आणि ते नसेल तर हरकतीचा अर्ज मुदतीच्या आत दाखल करावा. मतमोजणीच्या दिवशी करता येण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.